बोटं पांढरी, वय पस्तीस

तिशी आली की सगळे तुमचं वय विचारायला लागतात. बँकेला ते होम लोनसाठी हवं असतं. इन्शुरन्सवाल्याला प्रीमियमसाठी. आई तर विचारतसुद्धा नाही, थेट सांगूनच टाकते, ‘अगं, बत्तीस पूर्ण झाली!’ डॉक्टरांकडे मात्र या वयाचा उलटा फायदा मिळतो. बीपी? नॉर्मल. शुगर? नॉर्मल. मग काय, ‘तरुण आहात, जागरणं कमी करा, पाणी भरपूर प्या.’ विषय संपला!

बहुतेकांच्या बाबतीत तो खरंच संपतो. पण काही आजार असे आहेत, की ज्यांचं आवडतं वय नेमकं हेच. साठी-सत्तरीची वाट न बघता ते ऐन प्रमोशनच्या, ऐन बाळंतपणाच्या, ऐन ईएमआयच्या वयात दार ठोठावतात. त्यातलाच एक म्हणजे स्क्लेरोडर्मा.

हे नाव मी ऑफिसात पहिल्यांदा उच्चारलं, तेव्हा शेजारच्या क्युबिकलमधून प्रश्न आला, ‘नवं फेस क्रीम आहे का?’ नाही हो! ग्रीक भाषेत ‘स्क्लेरोस’ म्हणजे कडक आणि ‘डर्मा’ म्हणजे कातडी. शरीराची संरक्षण यंत्रणा बिथरते आणि आपल्याच शरीरावर उलटते. बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि कोलॅजन नावाचं प्रथिन गरजेपेक्षा जास्त तयार होऊन साचत जातं. कातडी घट्ट होते. अनेकांच्या बाबतीत प्रकरण कातडीवर थांबत नाही, अन्ननलिका, फुप्फुसं, हृदय, किडनी इथपर्यंत पोचतं. संसर्गजन्य? अजिबात नाही. हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने तो कुणाला होत नाही.

आणि वय? साधारण ३० ते ५०. भारतातल्या रुग्णालयांमधून जे अभ्यास प्रसिद्ध झालेत, त्यांतही सुरुवातीचं सरासरी वय बहुतेक वेळा तिशीतलंच दिसतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये प्रमाण चौपट किंवा त्याहूनही जास्त.

कळंबची ताई, पुण्याची टीममेट

हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी मामेबहीण, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो, धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुक्यातल्या एका गावात राहते. (२०२३ पासून सरकारी कागदांवर उस्मानाबादचं धाराशिव झालंय. ताईच्या सासूबाई मात्र अजून ‘उस्मानाबादला जाऊन येते’ असंच म्हणतात.) ताई शिवणकाम करते. आजूबाजूच्या चार गावांतल्या लग्नांचे ब्लाऊज तिच्याकडे येतात. थोडक्यात, तिची बोटं हेच तिचं ऑफिस!

ती तेहतीस वर्षांची असताना एका डिसेंबरात पहाटे भांडी घासताना तिची दोन बोटं पांढरीफटक पडली. मग निळसर झाली, मग लाल झाली आणि ठणकायला लागली. अर्ध्या तासात पुन्हा जशीच्या तशी. ‘थंडीत हाताला असं होतंयच की, त्यात काय दवाखाना करायचा?’ हे ताईचं म्हणणं. बरोबरच होतं तिचं. अर्ध्या तासात जे आपोआप जातं, त्यासाठी एसटीचं तिकीट कोण काढणार?

दोन-तीन हिवाळे असेच गेले. मग सकाळी बोटं सुजायला लागली. अंगठी निघेना. एका दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे रक्तवाढीच्या. मानेवर आणि छातीवर कातडीचा रंग उडाला, म्हणजे काळ्यावर पांढरे बारीक ठिपके, मीठ-मिरी भुरभुरावी तसे. आपल्या सावळ्या कातडीवर या आजारात असं बऱ्याचदा होतं. पण गावाने निदान करून टाकलं, कोड! पुढे बोटं वाकायला लागली, टोकाला जखमा झाल्या, तेव्हा दबक्या आवाजात महारोगाचंही नाव निघालं. घरात लेक लग्नाची झालेली. हे असले शब्द उंबऱ्याबाहेर जाणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

‘काय होऊ लालंय तेच कळंना बघ,’ ती मला फोनवर म्हणायची. एकदा तुळजापूरला देवीच्या पायऱ्या उतरून परत चढताना तिला धाप लागली, आणि कोरडा खोकला काही केल्या थांबेना. तेव्हा दाजींनी तिला सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधी तिचे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि विचारलं, ‘बोटं पांढरी पडायला कधी सुरुवात झाली?’

केसपेपरवर तिचं वय होतं एक्केचाळीस. म्हणजे मधली आठ वर्षं?

आता दुसरी गोष्ट. पुण्यात माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, वय सव्वीस. सेंट्रल एसीचं तापमान कुणाच्या तरी मूडवर चालतं, त्यामुळे आमच्या फ्लोअरवर मे महिन्यातही शाली पांघरलेल्या दिसतात. हिची बोटंही पांढरी पडायची. ताईची हकिगत ऐकून तिचा चेहराच उतरला. पण डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, नखांच्या मुळाशी पाहिलं, आणि हसत सांगितलं, ‘काही नाही. हातमोजे घाला.’ तिला हा त्रास अकरावी-बारावीपासून होता. दोन्ही हातांना सारखा. जखम कधीच नाही.

लक्षण एकच. वय वेगळं. आणि उत्तरही वेगळं.

पहिली घंटा

थंडीने किंवा टेन्शनने बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होणं, याला ‘रेनॉड’ म्हणतात. मोरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. हा त्रास काही दुर्मिळ नाही. शंभरातल्या तीन ते पाच जणांना तो असतो आणि त्यातल्या बहुतेकांना त्याच्यामागे कुठलाही आजार नसतो. असा निरुपद्रवी रेनॉड साधारण पंधरा ते तिशीच्या मधे, बऱ्याचदा तर कॉलेजच्या दिवसांतच सुरू होतो.

गंमत अशी की स्क्लेरोडर्माच्या दर शंभर रुग्णांपैकी पंचाण्णवांहून जास्त जणांना रेनॉड असतोच, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेच पहिलं लक्षण असतं. म्हणून डॉक्टर विचारतात, ‘कधीपासून?’ तिशी उलटल्यावर पहिल्यांदाच बोटं पांढरी पडायला लागली असतील, एका हाताला जास्त आणि दुसऱ्याला कमी होत असेल, बोटांच्या टोकांना जखमा किंवा बारीक खड्डे पडत असतील, तर मामला तपासण्यासारखा आहे.

इथे एक मेख आहे. ‘आजार सुरू होण्याचं वय’ म्हणजे नेमकं कुठलं? पहिलं बोट पांढरं पडलं ते? कातडी घट्ट झाली ते? की केसपेपरवर नाव लिहिलं गेलं ते? संशोधक बऱ्याचदा रेनॉड सोडून जे पुढचं पहिलं लक्षण येतं, तिथून मोजायला सुरुवात करतात. या आजाराचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात कातडीचा कडकपणा बोटं, हात, चेहरा एवढ्यापुरता मर्यादित राहतो. तिथे रेनॉड आणि पुढचं लक्षण यांच्यात पाच-दहा वर्षांचंही अंतर असू शकतं. दुसऱ्यात तो दंड, छाती, पोट इथपर्यंत पसरतो. तिथे सगळं वर्षभरातच घडू शकतं. म्हणजे ‘सरासरी वय चाळीस’ असं कुठे वाचलंत, तर त्यातल्या अनेकींची घंटा तिशीतच वाजून गेलेली असते.

उन्हाच्या गावात थंडीचं लक्षण

आणि धाराशिवात ही घंटा ऐकूच येत नाही! उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, पाण्यासाठी टँकर, सावलीसाठी बाभूळ. अशा ठिकाणी ‘गारठ्याने बोटं पांढरी पडतात’ हे लक्षण वर्षातले दोन-तीन महिने, तेही पहाटेच्या पाण्यात, दिसणार. माझ्या टीममेटला एसीमुळे बारा महिने आठवण होत होती. ताईला ती फक्त डिसेंबर-जानेवारीत. मार्चला ऊन तापलं की सगळं विसरायला व्हायचं.

किती बायका अशा असतील? जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली, तर एक लाख लोकांमागे साधारण सतरा-अठरा जणांना हा आजार असतो. २०११च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ५७ हजार होती. कॅल्क्युलेटर काढा. जवळपास २९० माणसं! हा अर्थात फक्त कागदावरचा हिशोब. आशियात प्रमाण कमी असावं असंही काही अभ्यास सांगतात, म्हणून निम्मे धरा. तरी दीडशेच्या आसपास होतात. आठ तालुक्यांत विखुरलेल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. कुणी रक्तवाढीच्या गोळ्या खात असेल, कुणी कोडावरचं मलम लावत असेल.

घरोघर जाऊन विचारलं तर काय होतं, याचं उत्तर आमच्या गावच्या वाटेवरच आहे. पुण्याहून सोलापूर रोडने निघालं की भिगवण लागतं. आपल्याला ते ठाऊक उजनीच्या पाण्यावरच्या फ्लेमिंगोंसाठी आणि माशांच्या थाळीसाठी. पण पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली याच गावात घरोघरी सर्वेक्षण सुरू केलं. चार हजारांहून जास्त प्रौढांना त्यांच्या दारात जाऊन विचारलं गेलं, ‘काय दुखतं?’ शंभरातल्या सुमारे अठरा जणांना सांध्या-स्नायूंचा त्रास निघाला. दवाखान्याची पायरी न चढलेली किती दुखणी घरात असतात, हे त्यातून दिसलं. स्क्लेरोडर्मासारखा दुर्मिळ आजार एका गावाच्या पाहणीत सापडेलच असं नाही. पण दारात जाऊन प्रश्न विचारण्याची पद्धत तीच लागते. ‘ताई, थंडीत बोटांचा रंग बदलतो का?’ एवढाच प्रश्न आशाताईंच्या यादीत असता, तर?

लवकर कळून फायदा काय?

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही. मग लवकर कळून करायचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण फायदा आहे, आणि चांगलाच आहे.

आधी, कळतं कसं ते पाहू. कॅनडात रेनॉडच्या ५८६ रुग्णांवर केलेला एक दीर्घ अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काळाच्या ओघात त्यातल्या साधारण १३ टक्के लोकांना स्क्लेरोडर्मा झाला. पण खरी मजा पुढे आहे. रक्तातल्या विशिष्ट अँटिबॉडीज आणि नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या, या दोन्ही तपासण्या ज्यांच्या नॉर्मल होत्या, त्यांच्यापैकी दोन टक्क्यांहूनही कमी लोकांना आजार झाला. दोन्हींत दोष असलेल्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्क्यांना झाला. म्हणजे दोन साध्या तपासण्या, आणि बहुतेकांची झोप परत येते!

नखांची तपासणी तर सुईविना होते. नखाच्या कडेला तेलाचा थेंब टाकायचा आणि भिंगातून बघायचं. मोठ्या हॉस्पिटलात त्यासाठी कॅपिलरोस्कोप असतो, पण त्वचारोगतज्ज्ञांकडच्या डर्मोस्कोपनेही बरंच काही दिसतं. रक्तात आधी एएनए तपासतात. स्क्लेरोडर्माच्या नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत ती पॉझिटिव्ह असते. उलट मात्र खरं नाही हं! एएनए पॉझिटिव्ह म्हणजे स्क्लेरोडर्मा, असं अजिबात नाही. धडधाकट माणसांतही ती कधी कधी पॉझिटिव्ह निघते. रिपोर्ट हातात घेऊन रात्री दोन वाजता नेटवर बसू नका, प्लीज.

एकदा निदान झालं की दर वर्षी फुप्फुसांची क्षमता आणि हृदयाचा इको तपासता येतो. गरज पडली तर फुप्फुसांचा सीटी. या आजारात मृत्यूचं मोठं कारण फुप्फुसं हेच आहे, आणि तिथला बिघाड धाप लागायच्या आधी पकडता आला तर औषधांना वाव मिळतो. मायकोफेनोलेट वापरात आहे. निंटेडॅनिबला अमेरिकेत या आजारातल्या फुप्फुसांच्या बिघाडासाठी २०१९ साली मान्यता मिळाली. किडनीवर अचानक येणारं संकट एके काळी जीवघेणंच असायचं. एसीई इन्हिबिटर गटातली रक्तदाबाची औषधं आल्यावर चित्र पालटलं, पण त्यासाठी बीपी वाढल्याचं वेळेत कळायला हवं. म्हणून ताईच्या घरी आता शिलाई मशीनशेजारी बीपीचं मशीन आहे.

आणखी एक. मोठ्या डोसमधली स्टेरॉइड्स या आजारात किडनीचं संकट ओढवू शकतात. सांधे दुखतात म्हणून कुणाकडून तरी ‘एक इंजेक्शन मारून घेणं’ हा आपल्याकडचा लाडका उपाय. निदानच माहीत नसेल तर हा धोका कुणाला कळणार?

नेहमीचं वय, आणि अपवाद

३० ते ५० हा नियम नाही, कल आहे. सोळाव्या वर्षाआधी हा आजार सुरू होणारे रुग्ण शंभरात पाचांहूनही कमी. मुलांमध्ये बहुतेक वेळा दिसतो तो फक्त कातडीपुरता प्रकार, मॉर्फिया. तो सहसा आतल्या अवयवांकडे जात नाही. पुरुषांमध्ये प्रमाण कमी, पण झाला तर तो बरेचदा थोडा उशिरा येतो आणि जास्त जोरात येतो. खाणीत, दगडाच्या धुळीत काम करणाऱ्या पुरुषांचा तर वेगळाच इतिहास आहे. १९१४ साली एडिंबराच्या पाथरवटांमध्ये आणि १९५७ साली दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणकामगारांमध्ये डॉक्टरांना हा आजार जास्त दिसला. सिलिकाची धूळ हे आज मान्य झालेलं जोखमीचं कारण आहे.

सगळ्यांत प्रसिद्ध अपवाद म्हणजे चित्रकार पॉल क्ले. १९३५ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्याचा आजार सुरू झाला. जिवंतपणी त्याला नाव मिळालं नाही, अभ्यासकांनी लक्षणांवरून ते नंतर ओळखलं. तरीही १९३९ या एका वर्षात त्याने बाराशेहून जास्त चित्रं आणि रेखाटनं केली! २९ जून १९४० ला तो गेला, आणि आता २९ जून हाच जागतिक स्क्लेरोडर्मा दिन म्हणून पाळला जातो.

मग बायकांनाच आणि याच वयात का? खरं उत्तर अजून कुणाकडेच नाही. हार्मोन्सकडे बोट दाखवलं जातं. १९९८ साली आणखी एक कल्पना पुढे आली. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतात, त्यांचा याच्याशी संबंध असेल का? सिद्ध काही झालेलं नाही. एवढं मात्र नक्की, की मूल हवं असेल तर निदान आधी माहीत असणं फार मोलाचं. मायकोफेनोलेटसारखी औषधं गरोदरपणात चालत नाहीत, फुप्फुसं आणि हृदय आधी तपासावं लागतं. नीट आखणी केली तर अनेकींची बाळंतपणं सुखरूप होतात.

ताई आज औषधांवर आहे. तोंड पूर्वीएवढं उघडत नाही, म्हणून कुंथलगिरीचा पेढा आता चार तुकडे करून खाते. ब्लाऊज शिवणं कमी केलंय, कापून मात्र अजून तीच देते, आणि लेक मशीनवर बसते. गावात कोडाची कुजबुज थांबली, कारण दाजींनी पारावर बसून आजाराचं नाव सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. त्यांना ते नीट उच्चारता येत नाही, ते ‘सिलेरोडरमा’ म्हणतात. चालतंय की!

संधिवाततज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांतच बसतात, आणि आपण तिथेच नोकरी करतो. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सोलापूर-लातूरलाही आहेत. पहिला केसपेपर तिथे निघू शकतो. पण पहिला प्रश्न घरातच विचारावा लागतो. तेव्हा या दिवाळीला गावी जाल, तेव्हा वहिनी, मावशी, ताई यांच्या हातात मिठाईचा बॉक्स देताना त्यांच्या बोटांकडेही बघा. थंडी तेव्हा नुकतीच सुरू झालेली असते.

पटकन लक्षात ठेवा

- बोटं पांढरी-निळी-लाल होणं विशीच्या आत सुरू झालं, दोन्ही हातांना सारखं आहे, जखमा नाहीत, तर सहसा काळजी नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून निर्धास्त व्हा.
- तिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, सोबत बोटं सुजतात, अंगठी अडकते, टोकांना जखमा होतात, छातीत जळजळते, गिळताना अडकतं किंवा धाप लागते, तर संधिवाततज्ज्ञांना गाठा.
- सिगारेट सोडा. ती रक्तवाहिन्या आणखी आक्रसवते.
- एसीत आणि थंडीत हातमोजे, मोजे घाला. फक्त हात नाही, सगळं अंग ऊबदार ठेवा.
- ओळखीच्याने सांगितलं म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळी घेऊ नका.
- पहिल्यांदा बोट पांढरं पडलं तो महिना आणि वर्ष लिहून ठेवा, शक्य असेल तर मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.